पैसे कुठे ठेवायचे हे नंतर, कशासाठी ठेवायचे हे आधी

प्रति,
मा. संपादक,
नाशिक आवृत्ती.

विषय : घरगुती अर्थनियोजन आणि हेतूंची लेखी नोंद

महोदय,

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर वाचकांचे प्रश्न आणि जाणकारांची उत्तरे छापली जातात. ती मी नेमाने वाचते, कारण बँकेच्या नोकरीत माझे आयुष्य लोकांच्या ठेवी, कर्जे आणि पासबुके हाताळण्यात गेले. ‘निवृत्तीचे वीस लाख मिळाले आहेत, कुठे गुंतवू?’, ‘दरमहा दहा हजार बाजूला पडतात, सोने बरे की म्युच्युअल फंड?’ अशा धर्तीचे हे प्रश्न असतात आणि अमुक टक्के इथे, तमुक टक्के तिथे अशी त्यांची उत्तरे असतात. बहुतेक उत्तरांत चूक काढण्यासारखे काही नसते. तरीही हा पैसा कोणत्या कामासाठी आहे, ते काम कोणत्या साली येणार आहे आणि त्याला किती रक्कम लागेल, हे प्रश्नकर्ता सांगत नाही आणि उत्तर देणाराही विचारत नाही. मुदत ठेवीच्या फॉर्मवर नाव, पत्ता, पॅन, मुदत, नॉमिनी असे सगळे रकाने असतात. हेतूचा रकाना नसतो. तो बँकेने छापावा अशी माझी अपेक्षा नाही. तो प्रत्येक घराने आपल्या वहीत आखावा आणि तो भरल्याखेरीज कोणत्याही योजनेच्या फॉर्मवर सही करू नये, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हे सुचवणारी मी काही पहिली नाही. याचा उत्तम नमुना आपल्या गावाच्या वेशीवर दगडात कोरून ठेवलेला आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या पांडवलेणीत दहाव्या क्रमांकाचे लेणे नहपान विहार म्हणून ओळखले जाते. तिथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतील दानलेख आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. रविवारी सकाळी पायऱ्या चढून धापा टाकत येणारे आपण बहुतेक जण त्या लेखासमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढतो आणि उतरतो. त्यात लिहिले आहे ते असे. उषवदाताने तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज खर्चायचे अशी कायमची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. दोन हजार कार्षापण एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे आणि दुसरीच्या व्याजातून त्यांच्या किरकोळ गरजा भागवायच्या.

आता हा हिशेब कोणीही कागदावर करून पाहावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस आणि वर्षाला २४० कार्षापण. वीस भिक्षू आणि प्रत्येकी बारा, म्हणजे तेही २४०. आकडा एका नाण्यानेही चुकत नाही. यावरून मला तरी असे दिसते की दात्याने हाताशी असलेली रक्कम आधी ठेवून मग व्याजाचे काय करावे असा विचार केलेला नाही. किती माणसांना काय लागेल हे आधी ठरवले आणि तिथून मागे येत मुद्दल काढले. शिवाय सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवली नाही, कोणत्या ठेवीचे व्याज कोणत्या खर्चाला हे वेगळे केले, आणि हा सारा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, ऐकवून दप्तरात नोंदवला, असेही लेखाच्या शेवटी सांगितले. नाशिकरोडला १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे, त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला जुन्या नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे. पैशाशी इतकी जवळीक असलेल्या गावातही उषवदाताइतका स्पष्ट ठेवीदार मला काउंटरच्या पलीकडे क्वचितच भेटला. ‘कशासाठी ठेवताय?’ असे मी सहज विचारले की ‘असू द्या, भविष्यासाठी’ हे एकच उत्तर येई.

हे ‘भविष्यासाठी’ उकलून पाहिले की काय निघते, याचे एक उदाहरण देते. माझ्या परिचयातील एक जोडपे पाथर्डी फाट्याजवळ राहते. तो अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, वय पंचेचाळीस. ती घरच्या हॉलमध्ये शिकवण्या घेते. दोघांचे मिळून महिन्याला लाखभर येतात. दुसरा फ्लॅट घ्यावा की नाही, हे विचारायला ती दोघे माझ्याकडे आली, तेव्हा त्यांनी सगळे कागद एका कापडी पिशवीतून आणले होते आणि ते टेबलावर मांडता मांडता चहा निवून गेला. विम्याच्या पॉलिसींचा एक गठ्ठा, पतसंस्थेच्या दोन पावत्या, सराफाकडील मासिक भिशीचे कार्ड, मुलीच्या नावाचे पोस्टाचे पासबुक आणि राहत्या घराच्या कर्जाचे स्टेटमेंट.

कर्जाच्या स्टेटमेंटपासून सुरुवात केली. तीन वर्षांपूर्वी चाळीस लाखांचे कर्ज, वीस वर्षांची मुदत, साडेआठ टक्के दर, महिन्याचा हप्ता ३४,७०० रुपयांच्या आसपास. पहिल्या महिन्याची ओळ मी त्याला मोठ्याने वाचायला लावली : व्याज २८,३३३, मुद्दल सहा हजार तीनशे आणि काही. तीन वर्षांत त्याने साडेबारा लाख रुपये भरले होते आणि मुद्दल कमी झाले होते दोन लाख साठ हजार. हे कर्ज वाईट आहे असे मी म्हणत नाही. स्वतःचे घर ही गरज आहे आणि कर्जाचा हिशेबच तसा चालतो. मात्र बदलत्या दराच्या घरकर्जात मुदतीआधी भरलेल्या रकमेवर बँक दंड आकारत नाही, आणि या टप्प्यावर एक लाख रुपये जादा भरून हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे साडेअकरा हप्ते गळून पडतात, हे त्याला कोणीच सांगितलेले नव्हते. पतसंस्थेतली ठेव अडीच लाखांची होती.

मग पॉलिसी. वर्षाचे हप्ते मिळून ९६ हजार आणि सगळ्या पॉलिसींचे विमा संरक्षण मिळून चौदा लाख. म्हणजे उद्या त्याचे बरेवाईट झाले तर ही रक्कम घरकर्जाच्या निम्म्यालाही पुरणार नाही. त्याच्या वयाच्या निरोगी माणसाला एक कोटीचा शुद्ध मुदत विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा, या हप्त्यांच्या निम्म्याहून कमी खर्चात मिळू शकतो. या पॉलिसी घेतल्या कशाला, तर ‘मार्चमध्ये कर वाचवायला’. आता नव्या करप्रणालीत विमा हप्त्यांसाठी मिळणारी ८० सी ची वजावट नाही, आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, पगारदाराच्या बाबतीत प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत, करच लागत नाही. त्याचा पगार या मर्यादेच्या आत आहे. ज्या कारणासाठी पॉलिसी घेतल्या ते कारण नाहीसे झाले आणि हप्ते मात्र चालू राहिले. कारण कुठे लिहून ठेवले असते, तर ते संपल्याचे लक्षात तरी आले असते.

यानंतर मी त्यांना कोरी वही दिली आणि पुढच्या पंधरा वर्षांत पैसा कोणकोणत्या कामांना लागणार आहे ते दोघांनी वेगवेगळ्या पानांवर लिहावे, असे सांगितले. त्याने लिहिले : मुलीचे शिक्षण, मुलीचे लग्न, दुसरा फ्लॅट, म्हातारपण. तिने बराच वेळ काही लिहिले नाही. नंतर लिहिले की शिकवण्या हॉलमधून बाहेर काढून शाळेजवळ एक छोटा गाळा भाड्याने घ्यायचा आहे. अनामत रक्कम, बाके, फळा आणि पंखे मिळून दोन लाख लागतील. सासूबाईंना दुपारी पडायला घरात निवांत जागा मिळेल. लग्नाला सतरा वर्षे झालेल्या त्या माणसाने हे पहिल्यांदा वाचले. ते वाचून त्याने आपल्या यादीत खाली आणखी एक ओळ वाढवली : पंचावन्नाव्या वर्षी शिफ्ट सोडून सिन्नरकडे भावाबरोबर शेती.

दुसऱ्या फ्लॅटचा निकाल या ओळीने लावला. त्याची किंमत पंचेचाळीस लाख, त्यातले छत्तीस लाख कर्ज, मुदत पंधरा वर्षे, हप्ता साडेपस्तीस हजारांच्या जवळ, आणि त्या भागातले भाडे बारा हजार. वरचे तेवीस हजार, घरपट्टी आणि सोसायटीचा देखभाल खर्च दरमहा पगारातून. शेवटचा हप्ता साठाव्या वर्षी. म्हणजे म्हातारपणी निश्चिंत व्हावे म्हणून जो फ्लॅट घ्यायचा, तोच त्याला आणखी पाच वर्षे रात्रपाळीला बांधून ठेवणार होता, आणि पत्नीचा दोन लाखांचा गाळा, जो पहिल्या वर्षापासून उत्पन्न देऊ शकला असता, तो त्या फ्लॅटखाली कायमचा दबला असता. गंमत म्हणजे फ्लॅट चांगला होता. बांधकाम बरे, रस्ता रुंद, भाव वाजवी. आपल्या पानावर त्याने प्रश्न पाठवला असता तर ‘घेण्यास हरकत नाही’ असे उत्तर मिळाले असते, आणि गुंतवणूक म्हणून ते उत्तर कदाचित बरोबरही ठरले असते.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हेच. एखादी गुंतवणूक चांगली आहे की वाईट, याचे उत्तर पुष्कळदा तिच्यात नसते, आपल्या वहीत असते. आणि वहीत हेतू लिहायला बसले की काही हेतू आपले नाहीतच हेही कळते. पैशामागे दोन हेतू असे असतात की ते कोणी लिहून देणार नाही : एक भीती आणि दुसरा मिरवणे. मेहुण्याने गाडी घेतली म्हणून सात वर्षांच्या हप्त्यावर घेतलेली गाडी, सोसायटीत सगळ्यांची मुले जातात म्हणून लावलेला महागडा क्लास, ‘चार लोकांत नाव राहिले पाहिजे’ म्हणून कॉलेज रोडच्या सभागृहात ठेवलेला साखरपुडा. दहा लाखांचे गाडीचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षे फेडले तर हप्ता सोळा हजारांवर जातो आणि एकूण साडेतेरा लाख भरावे लागतात. गाडी लागते त्याने जरूर घ्यावी. मात्र वहीत ‘मेहुण्याने घेतली म्हणून’ असे स्वतःच्या अक्षरात लिहावे आणि खाली सही करावी, एवढीच माझी अट आहे.

सध्या नाशकात यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते, वळणमार्ग आणि जमिनीचे भाव यांखेरीज दुसरा विषय निघत नाही, आणि ज्याला त्याला शहराबाहेर दोन गुंठे घेऊन टाकायचे आहेत. घेऊन पुढे काय करणार, घर बांधणार की शेती करणार की विकणार, विकणार तर कोणत्या साली आणि कोणाला, हे विचारले की समोरचा जरा नाराज होतो. जमीन बिगरशेती झालेली आहे का, सातबाऱ्यावर स्वतंत्र नाव लागणार आहे की दहा जणांत सामाईक, रस्ता कागदावर आहे की नुसता बांधावरून, हे प्रश्न त्यानंतरचे. पर्वणी संपली की साधू आपापल्या आखाड्यांकडे परततील. हप्ते मात्र पुढची पंधरा वर्षे इथेच असतील.

सोन्याबाबत मात्र तरुण सल्लागारांशी माझे जमत नाही. सोने म्हणजे मृत गुंतवणूक, असे ते चेष्टेने म्हणतात. नवरा रुग्णालयात आहे आणि अनामत रक्कम संध्याकाळपर्यंत भरायची आहे, अशा वेळी आलेल्या बाईच्या नावावर बँकेत काही नसते, घर नवऱ्याच्या नावावर, ठेव सासऱ्यांच्या, आणि तिचे म्हणून जे असते ते गळ्यात असते, हे मी काउंटरवरून पुष्कळदा पाहिले आहे. तिच्या दृष्टीने सोन्याचा हेतू अगदी स्पष्ट आहे : कोणाची सही न घेता वापरता येईल असा पैसा. त्या हेतूसाठी सोने योग्यच आहे. मुलीच्या लग्नासाठी वीस वर्षे आधी दागिने घडवून ठेवणे मात्र मला पटत नाही. घडणावळ आज द्यायची, तिच्यावर कर द्यायचा, आणि मोडताना घडणावळीचा एक पैसा परत यायचा नाही. शिवाय मुलीची आवड तोवर बदललेली असते. साठवायचेच असेल तर साधी वेढणी घ्यावीत, हॉलमार्क आणि त्यावरचा सहा अक्षरी क्रमांक पाहून घ्यावीत. वर सांगितलेल्या घरातील आजीबाईंना हे पटले नाही आणि त्यांनी आपली भिशी चालूच ठेवली. पैसे त्यांच्या पेन्शनचे आहेत, त्यामुळे मीही पुढे काही बोलले नाही.

पतसंस्थांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या जिल्ह्यात चांगल्या चाललेल्या पतसंस्था आहेत आणि बँका ज्यांना दारात उभे करत नाहीत अशा फेरीवाल्यांना त्यांनी उभे केले आहे. पण बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून आहे, ते सहकारी बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही. ठेवीदारांपैकी फारच थोड्यांना हा फरक माहीत असतो, कारण दोन्ही पाट्यांवर ‘सहकारी’ हा शब्द सारखाच मोठा असतो. इथेही हेतूच निर्णय करतो. जूनमध्ये मुलीची फी भरायची आहे, ते पैसे एक-दीड टक्का जादा व्याजासाठी विमा संरक्षण नसलेल्या ठिकाणी ठेवणे अविचाराचे आहे. ज्या रकमेवाचून दोन वर्षे अडणार नाही तिचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्या पानावरील सल्ला बहुतेक वेळा पगारदाराला डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो, याचीही नोंद घ्यावी. सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, दरमहा अमुक रकमेची एसआयपी लावा, हे सूत्र सातपूर-अंबडला ठीक आहे. निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराचे उत्पन्न फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एकदाच येते, छाटणीपासून औषधांपर्यंतचा खर्च त्याआधी सहा-सात महिने झालेला असतो, आणि काढणीच्या आठवड्यात गारा पडल्या तर ते एकदाचे उत्पन्नही येत नाही. व्यापाऱ्याकडून पैसे मिळायला होणारा उशीर वेगळाच. त्याने निदान एका पूर्ण हंगामाचा, म्हणजे घरखर्च आणि बागेचा खर्च मिळून वर्षभराचा पैसा सहज काढता येईल असा ठेवावा आणि मगच ट्रॅक्टर बदलण्याचा विचार करावा. चांगल्या वर्षी हातात एकदम मोठी रक्कम येते आणि त्याच आठवड्यात गाडीचा विक्रेता, विमा एजंट आणि प्लॉटवाला असे तिघेही बांधावर येतात. लासलगाव आणि पिंपळगावचे कांदा उत्पादकही यातच आले. या मंडळींसाठी आपण स्वतंत्र सदर चालवावे, अशी माझी विनंती आहे.

तरुणांबद्दल एवढेच की, फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या करारांच्या, व्यवहारांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला आणि तोट्याची एकूण रक्कम १.८ लाख कोटी रुपयांवर गेली, असे शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’च्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासात नमूद आहे. मोबाइलवर हा खेळ खेळणाऱ्या मुलांना मी हेतू विचारते, तेव्हा ‘लवकर मोकळे व्हायचे आहे’ असे ते सांगतात. कशातून मोकळे व्हायचे, यावर त्यांच्याशी बोलणारे घरात कोणी नसते. पुष्कळदा ती नोकरीच त्यांना नको असते, आणि त्याचे उत्तर शेअर बाजाराकडे नाही.

म्हातारपणाच्या तरतुदीत दोन चुका मला वारंवार दिसल्या. पहिली महागाईची. आज पन्नास हजारांत चालणारे घर, महागाई सहा टक्के धरली तर, बारा वर्षांनी लाख रुपये मागते. पीपीएफमध्ये दरवर्षी दीड लाख याप्रमाणे पंधरा वर्षे भरले आणि २०२० पासून चालू असलेला ७.१ टक्के दर कायम राहिला, तर हाती सुमारे ४० लाख ६८ हजार येतात. हा आकडा ऐकून लोक खूश होतात, पण त्याच सहा टक्क्यांनी मोजले तर त्याचे आजचे मोल सतरा लाखांच्या आसपास भरते. पीपीएफ त्यामुळे वाईट ठरत नाही. वहीतली रक्कम आजच्या भावाने लिहून चालत नाही, इतकेच. दुसरी चूक अधिक नाजूक आहे. आयुष्यभर कारखान्यात काम केलेल्या माणसाला कर्मचारी पेन्शन योजनेतून पुष्कळदा हजार-दोन हजारच मिळतात. २०१४ पासून तिची किमान रक्कम दरमहा हजार रुपयेच आहे. त्याचा खरा आधार म्हणजे फंड आणि ग्रॅच्युइटी. तीच रक्कम तो मुलाच्या फ्लॅटच्या सुरुवातीच्या भरण्यासाठी देऊन टाकतो. तीस लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर २०२५ मधील ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार हातात येतात. ही रक्कम देऊन टाकणाऱ्या बापाने त्याबरोबर काय दिले, याचा हिशेब त्याने आणि मुलाने समोरासमोर बसून करावा. देऊ नये असे मी म्हणत नाही. मुलाला तो आकडा माहीत असावा.

आणि हा पैसा शेवटी कोणाचा, हेही हेतूतच येते. नॉमिनी म्हणजे मालक, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. बँकेतील ठेवीत नॉमिनीच्या हाती रक्कम येते ती कायदेशीर वारसांच्या वतीने. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, ही सोय चांगली आहे, परंतु ती मृत्युपत्राची जागा घेत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सहीने करता येते आणि त्याची नोंदणीही सक्तीची नाही. घरातील मोठ्या माणसांसमोर हा विषय काढणे आपल्याला अभद्र वाटते, आणि मग बारावा-तेरावा आटोपला की भावंडे बँकेत येऊन काउंटरवर एकमेकांकडे न पाहता उभी राहतात.

संपादक महाशय, आपल्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत. वाचकांचा अर्थविषयक प्रश्न छापण्यापूर्वी रकमेबरोबर हेतू, साल आणि घरातील कोणाकोणाशी चर्चा झाली आहे, हे त्यांच्याकडून मागवून घ्यावे. ते नसेल तर प्रश्न परत पाठवावा. उत्तर देणारे जाणकार एखाद्या योजनेची शिफारस करतात तेव्हा त्या योजनेच्या विक्रीतून त्यांना कमिशन मिळते का, हे त्यांच्या नावाखाली एका ओळीत छापावे. म्युच्युअल फंडाच्या ‘डायरेक्ट’, म्हणजे विक्रेत्याचे कमिशन नसलेल्या, योजना २०१३ पासून उपलब्ध असूनही त्यांचा उल्लेख आपल्या पानावर माझ्या पाहण्यात क्वचितच आला आहे, त्यामुळे ही ओळ वाचकांच्या उपयोगी पडेल. आणि अक्षय्य तृतीया, दसरा, पाडवा या दिवसांच्या आसपास सराफ, बिल्डर आणि वाहनविक्रेते यांच्या जाहिरातींनी जी पुरवणी भरते, तिच्या एका पानावर कोरा तक्ता छापावा, त्यात काम, साल, रक्कम आणि कोणासाठी असे चार रकाने असावेत, आणि पहिला रकाना घरातील बाईने भरावा अशी सूचना वर असावी. जाहिरातदारांची यास हरकत असण्याचे कारण नाही. ज्याला खरोखर गाडी किंवा घर हवे आहे तो तक्ता भरूनही त्यांच्याकडेच जाईल.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
इंदिरानगर, नाशिक.